किरकोळ कागदांची साक्ष



मी तोफखान्यातून निवृत्त झालेला माणूस. सध्या देहरादूनला राहतो. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या व्हॅलेंटाइन कार्डांवर फौजी माणूस काय बोलणार, अशी शंका तुमच्या मनात असेल तर ती रास्त आहे. माझ्या सौभाग्यवतींनाही ती आहे. त्यांचं म्हणणं, लग्नाला अडतीस वर्षं झाली, स्वतः एकही कार्ड दिलं नाही, आणि दुसऱ्यांची दीडशे वर्षांपूर्वीची कार्डं भिंगाखाली धरून बसतात.

पण मला त्यातल्या प्रेमापेक्षा कागदात जास्त रस आहे. इंग्रजीत 'एफेमेरा' असा एक शब्द आहे. मूळ ग्रीक, अर्थ, एक दिवस टिकणारं. तिकिटं, पावत्या, जाहिरातीची पत्रकं, लेबलं, निमंत्रणं, शुभेच्छापत्रं, म्हणजे वापरून फेकून देण्यासाठीच छापलेले कागद. मॉरिस रिकर्ड्स या गृहस्थांनी १९७५ मध्ये इंग्लंडमध्ये 'एफेमेरा सोसायटी' काढली आणि या कचऱ्याच्या अभ्यासाला मानाचं पान मिळालं. मराठीत मी त्याला 'किरकोळ कागद' म्हणतो. हा शब्द मला फौजेनेच दिला, आणि तो कसा ते सांगायला हवं.

जवान गेला की त्याच्या सामानाची नोंद करायला 'कमिटी ऑफ अ‍ॅडजस्टमेंट' बसते. दोनदा मी त्या कमिटीवर होतो. ट्रंक उघडायची, एकेक वस्तू बाहेर काढायची, यादी करायची, सह्या करायच्या. गणवेश, बूट, घड्याळ, रोख रक्कम. शेवटी उरतात पाकिटातले नि खिशातले कागद. रेल्वेचं तिकीट, मनीऑर्डरची पावती, वहीच्या फाडलेल्या पानावर लहान मुलीने रंगवलेलं घर. अशा वेळी 'किरकोळ कागद, एक पुडकं' असं लिहिलं तरी नियमाने चालतं. आमच्यासोबत एक वयस्कर सुभेदार साहेब होते. ते म्हणाले, "साब, एक एक लिखिए. घरवाले यही पूछेंगे." आम्ही एकेक लिहिलं. महिन्याभराने घरून पत्र आलं. त्यात घड्याळाची चौकशी नव्हती. मुलीचं चित्र त्यांच्याजवळ होतं का, एवढंच विचारलं होतं. यादीत ते होतं, त्यामुळे 'हो' असं उत्तर देता आलं.

किरकोळ कागद किरकोळ नसतो, हे मला तिथे कळलं. निवृत्तीनंतर टपाल तिकिटांचा जुना छंद पुन्हा सुरू केला. तिकिटांच्या मागे लागलो आणि पाकिटांपाशी पोचलो. पाकिटं उघडली तर आत व्हॅलेंटाइनं निघाली.

आता थोडा इतिहास.

व्हॅलेंटाइनला पत्र लिहिण्याची इंग्रजांची पद्धत जुनी. १४७७ च्या फेब्रुवारीत मार्जरी ब्रूज नावाच्या मुलीने जॉन पास्टन या आपल्या होणाऱ्या नवऱ्याला पत्र लिहून त्याला आपला व्हॅलेंटाइन म्हटलं. ते पत्र आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. आणि त्यात चिंता कसली? हुंड्याची. तिचे वडील रक्कम वाढवायला तयार नव्हते. पाचशे वर्षांपूर्वीचं प्रेमपत्र, पण आपल्याकडच्या कुठल्याही आजीला लगेच समजेल असं.

सामान्य माणसाच्या हातात ही पद्धत आली ती टपालामुळे. १८४० च्या आधी इंग्लंडात पत्र पाठवणं महाग होतं. दर अंतरावर ठरायचा आणि कागद किती यावरही. पंधरा मैलांपर्यंत एका कागदाला चार पेनी, लंडनहून एडिंबरोला साडेतेरा पेनी. पाकीट वापरलं तर तो दुसरा कागद धरला जाई, म्हणजे दुप्पट पैसे. म्हणून लोक पत्राचाच कागद दुमडून, लाखेने चिकटवून, बाहेरच्या कोऱ्या भागावर पत्ता लिहीत. शिवाय पैसे सहसा पत्र घेणाऱ्याने द्यायचे. आलेलं पत्र प्रेमाचं की टवाळीचं, हे पैसे मोजल्यावर कळणार.

रोलंड हिल यांच्या योजनेनुसार १० जानेवारी १८४० पासून अर्ध्या औंसापर्यंतच्या पत्राला देशभर एकच दर झाला, एक पेनी. मे महिन्यात पेनी ब्लॅक हे जगातलं पहिलं चिकटवायचं तिकीट आलं. पाकिटावरचा वेगळा आकार गेला. ब्रिटनमध्ये १८३९ मध्ये सुमारे ७.६ कोटी पत्रं गेली होती. १८४० मध्ये सुमारे १६.९ कोटी गेली. एका वर्षात दुपटीहून जास्त. (आपल्याकडे १ ऑक्टोबर १८५४ पासून अर्ध्या आण्यात पाव तोळ्याचं पत्र कितीही लांब जाऊ लागलं, तो याच कल्पनेचा धाकटा भाऊ.) चार्ल्स डिकन्सने १८५० मध्ये 'हाउसहोल्ड वर्ड्स' हे साप्ताहिक सुरू केलं. त्याच्या पहिल्याच अंकात व्हॅलेंटाइनच्या दिवशी लंडनच्या मुख्य टपाल कचेरीत काय धांदल उडते, त्यावर लेख होता. विषय इतका घरोघरचा झाला होता.

दुसरी गोष्ट कागदाची. तुम्ही संगणकावर या काळातली व्हॅलेंटाइनं पाहिलीत तर जाळीदार, लेससारखा कागद दिसेल. तो कात्रीने कापलेला नाही. ओलसर कागद कोरलेल्या पोलादी ठशावर दाबायचा, म्हणजे नक्षी उठून येते. मग उठलेला भाग कानशीसारख्या खरखरीत अवजाराने घासून काढायचा. घासला तिथे भोक पडतं, उरते ती जाळी. लंडनच्या डॉब्स कंपनीतल्या जोसेफ अ‍ॅडनब्रुक या कारागिराला १८३४ च्या सुमारास ही युक्ती सुचली, असं सांगितलं जातं. पुढे जोसेफ मॅन्सेलसारख्या कारखानदारांनी हा कागद मोठ्या प्रमाणावर काढला. त्यावर रेशमी फुलं, आरशाचे तुकडे, जर्मनीहून आलेली रंगीत कापीव चित्रं चिकटवायची. हे काम बहुतेक मुली करत. यूजीन रिमेल हा लंडनचा अत्तरवाला तर सुगंधी व्हॅलेंटाइनं विकायचा.

अमेरिकेतही तेच. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वूस्टर गावी एस्थर हाउलंड नावाची मुलगी होती. १८४७ मध्ये माउंट होल्योक या मुलींच्या शाळेतून शिकून बाहेर पडली. तिला इंग्लंडहून आलेलं एक व्हॅलेंटाइन मिळालं. वडिलांचं कागद-वह्यांचं दुकान होतं. आपणही हे करू शकतो, असं म्हणून तिने नमुने बनवले आणि फिरतीवर निघालेल्या भावाजवळ दिले. तिला आशा होती २०० डॉलरच्या मागणीची. भाऊ ५,००० डॉलरची मागणी घेऊन आला, अशी कथा आहे. तिने घरातच मैत्रिणींना ओळीने बसवलं. एकीने कापायचं, दुसरीने रंगीत कागद खाली लावायचा, तिसरीने चिकटवायचं. मोटारीच्या कारखान्यांच्या कितीतरी आधी. आयुष्यभर इतरांची प्रेमपत्रं विकणाऱ्या या बाईने स्वतः लग्न केलं नाही. तिच्या बऱ्याच कार्डांच्या पाठीवर लाल शाईत छोटा 'एच' असतो.

'पाठीवर' हा शब्द लक्षात ठेवा, कारण आता मी माझ्या कामाच्या पद्धतीकडे येतो.

देवळालीच्या तोफखाना शाळेत आम्हाला पहिल्यांदा 'ब्रॅकेट' शिकवलं. लक्ष्याचं अंतर नक्की माहीत नाही. एक गोळा पलीकडे टाका, एक अलीकडे. लक्ष्य मधे सापडलं. मग ते अंतर निम्मं करा, पुन्हा निम्मं करा. जुन्या कागदाचं साल असंच काढायचं. कागदावरची प्रत्येक खूण तुम्हाला एकच गोष्ट सांगते: 'याच्या आधीचा नाही' किंवा 'याच्या फार नंतरचा नाही'.

माझ्याकडचा एक नमुना घेऊ. जाळीदार कागदाचं दुमडलेलं व्हॅलेंटाइन, आपल्या पाकिटासह. पाकिटावर लाल पेनी तिकीट. पेनी रेड १८४१ मध्ये आलं, म्हणजे त्याआधीचं नाही. तिकीट कात्रीने कापलेलं आहे, कडेला दाते नाहीत. दात्यांची तिकिटं १८५४ पासून निघाली, म्हणजे त्याच्या फार नंतरचं नसावं. तिकीट रद्द केलंय ते आकडे असलेल्या शिक्क्याने. सुरुवातीला माल्टीज क्रॉसचा शिक्का मारत. आकड्यांचे शिक्के १८४४ मध्ये आले. ब्रॅकेट आणखी आवळला. आतला साधा कागद उजेडासमोर धरला तर कारखान्याचं नाव आणि साल असलेलं जलचिन्ह दिसतं, १८४७. म्हणजे त्या कागदाचा जन्मच १८४७ च्या आधीचा नाही. तारखेच्या शिक्क्यात साल पुसलं गेलंय, पण 'फेब्रुवारी १४' वाचता येतं. १८४८ ते १८५० च्या दशकाचा मध्य, व्हॅलेंटाइनचा दिवस. सात-आठ वर्षांच्या पट्ट्यात आपण आलो. आता इथे थांबायचं. नेमकं साल सांगायचा मोह होतो, पण पुरावा संपला की गोळाबारही थांबवायचा.

मात्र एक पथ्य आहे. या साऱ्या खुणा एकाच माणसाच्या आहेत का, हे तपासलं पाहिजे. विक्रेते एखादं सुंदर व्हॅलेंटाइन आणि दुसऱ्याच कुठल्यातरी पत्राचं पाकीट यांचं लग्न लावून देतात. मग पाकिटावरचं साल कार्डाला चिकटतं. म्हणून घड्या पाहायच्या. आतला कागद त्या पाकिटात त्याच घड्यांनी बसतो का? लाखेचा डाग पलीकडच्या कागदावर समोरासमोर उमटलाय का? मातीचा पट्टा दोन्हीवर एका रेषेत येतो का? दोन कागद शंभर वर्षं एकमेकांत राहिले असतील तर ते एकमेकांवर खुणा ठेवतात. नवरा-बायकोसारखंच.

आणि मजकूर? मजकुरावर सगळ्यात शेवटी जायचं. कारण कविता बहुधा पाठवणाऱ्याची नसतेच. ती छापील असते, नाहीतर 'व्हॅलेंटाइन रायटर' नावाच्या छोट्या पुस्तकांतून उतरवलेली असते. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून अशी पुस्तकं मिळत. दर्जीने कुणाला काय लिहावं, खलाशाने काय लिहावं, आणि त्याला नकार कसा द्यावा, सगळं तयार. आपल्याकडच्या लग्नपत्रिकेतल्या 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' या ओळीवरून मुलाचा स्वभाव कळेल का? तसंच ते.

माझ्या त्या नमुन्याच्या पाठीवर पेन्सिलीने केलेली बेरीज आहे. शिलिंग आणि पेनी, पाच ओळी, खाली रेघ, एकूण. व्हॅलेंटाइन टिकवून ठेवलं, पण त्याच्या पाठीवर घरखर्च मांडला. कुणी, केव्हा, का? माझे नातेवाईक लगेच गोष्ट रचतात: तिचं त्याच्याशी लग्न झालं, संसार सुरू झाला. असेलही. फौजेत टेहळणीचा अहवाल लिहिताना दिसलेलं आणि ताडलेलं वेगळं लिहायची शिस्त असते. 'पुलावर तीन गाड्या दिसल्या' हे दिसलेलं. 'शत्रू माघार घेतोय' हे ताडलेलं. दोन्ही एका वाक्यात आलं की माणसं मरतात. कागदाच्या अभ्यासात कुणी मरत नाही, पण मेलेल्या माणसाच्या तोंडी आपलं वाक्य घातलं जातं. तेही बरोबर नाही. माझ्या वहीत त्या बेरजेसमोर एवढंच आहे: 'पेन्सिल, वेगळं हस्ताक्षर, पाच रकमा.'

आता मुख्य मुद्दा. त्यासाठीच मी हे भाषण द्यायला तयार झालो.

कुठल्याही मोठ्या संग्रहाची चित्रं पाहा. फुलं, कबुतरं, पंखवाली बाळं, जाळी. बघणाऱ्याला वाटतं, व्हिक्टोरियन माणसं किती हळवी, किती गोड होती. पण त्याच दुकानांत, त्याच आठवड्यात, दुसरा एक माल विकला जात असे. स्वस्त कागद, लाकडी ठशाचं भडक चित्र, खाली चार ओळींची शिवी. कुणाच्या टकलावर, कुणाच्या दारूवर, लग्न न झालेल्या बाईच्या वयावर, दर्जीच्या हलक्या हातावर, शिपायाच्या बढाईवर. यांना आज 'व्हिनेगर व्हॅलेंटाइन' म्हणतात. निनावी पाठवायचं. शेजाऱ्याचा, वरिष्ठाचा, नको असलेल्या प्रियकराचा सूड पेनीभर खर्चात. आज फोनवर निनावी खात्यांवरून जे चालतं, ते तेव्हा टपालाने चालायचं. ब्रायटन विद्यापीठातल्या इतिहासकार अ‍ॅनाबेला पोलन यांनी या टवाळ व्हॅलेंटाइनांचा चांगला अभ्यास केलाय.

मग ही कार्डं संग्रहांत कमी का दिसतात? उत्तर सोपं आहे. गोड पत्र पेटीत जातं, कडू पत्र चुलीत. तुम्हाला कुणी 'कुरूप म्हातारी' असं छापील पत्र पाठवलं तर तुम्ही ते नातवंडांसाठी जपून ठेवाल का? जी टवाळ कार्डं आज दिसतात, त्यांतली बरीच कधी पाठवलीच गेली नव्हती. दुकानात न खपलेला माल, छापखान्याचे नमुने, कुणीतरी गंमत म्हणून वहीत चिकटवलेली. ती ओळखायची कशी? घडी नसते. पत्ता नसतो. कोपरे स्वच्छ असतात.

म्हणून टवाळ कार्डावर मला पोस्टासाठी घातलेल्या घड्या दिसल्या, मागे पत्ता दिसला, तर माझे हात थांबतात. कारण याचा अर्थ हे कार्ड कुणाच्यातरी दारात पोचलं होतं. एका माणसाने ते उघडलं, वाचलं, आणि तरीही जाळलं नाही. का नाही जाळलं, हे मी सांगू शकत नाही. पण एका माणसाचा तो एक वाईट दिवस खराच होता, याचा पुरावा त्या घडीत आहे. चित्रात नाही, कवितेत नाही. घडीत.

यातून मी जो नियम शिकलो तो फक्त व्हॅलेंटाइनांपुरता नाही. जे उरलं, ते जे होतं त्याचा नमुना नसतं. उरलेल्या ढिगाला एक कल असतो. माणसं आपल्याबद्दलचं चांगलं ठेवतात, लाजिरवाणं जाळतात, रोजचं विसरतात. म्हणून जुने कागद हातात घेतले की 'इथे काय आहे' याच्याबरोबर 'इथे काय असायला हवं होतं आणि नाही' हेही विचारायचं. घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी तर नक्कीच विचारायचं. तुमच्या ट्रंकेत पणजोबांची प्रशस्तिपत्रकं आहेत आणि एकही कर्जरोखा नाही, म्हणजे पणजोबांनी कर्ज काढलं नव्हतं असं होत नाही.

हे ज्याला सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत चांगलं कळलं, तो माणूस होता जॉन जॉन्सन. ऑक्सफर्ड विद्यापीठाचा मुद्रक. तरुणपणी तो इजिप्तमध्ये पपायरसचे तुकडे शोधत होता. म्हणजे काय करत होता? दोन हजार वर्षांपूर्वीच्या गावांचे उकिरडे उकरत होता. तिथे मिळत होत्या पावत्या, याद्या, घरगुती चिठ्ठ्या, आणि त्यांवरून विद्वान त्या काळाचं रोजचं जगणं मांडत होते. मग त्याच्या मनात आलं, की आपल्या स्वतःच्या काळाचा उकिरडा कोण जपतोय? परत आल्यावर त्याने तेच सुरू केलं. साबणाची वेष्टनं, नाटकाची पत्रकं, व्हॅलेंटाइनं, विक्रीच्या जाहिराती. लोक हसत. १९६८ मध्ये तो संग्रह बोडलियन ग्रंथालयात गेला. आज त्यात १५ लाखांहून अधिक कागद आहेत आणि जगभरचे संशोधक तिथे रांग लावतात.

तुम्ही म्हणाल, आम्ही इंदूरला, हैदराबादला, बडोद्याला बसून हे कसं बघणार? मी डोंगरात बसून बघतो. बोडलियनच्या संग्रहाचा काही भाग संगणकावर आहे. लंडनच्या शहर संग्रहालयात जोनाथन किंग या जुन्या कार्डविक्रेत्याने जमवलेली व्हॅलेंटाइनं आहेत. मँचेस्टर मेट्रोपॉलिटन विद्यापीठात लॉरा सेडन संग्रहात व्हिक्टोरियन आणि एडवर्डियन मिळून ३२,००० शुभेच्छापत्रं आहेत. वूस्टरला, एस्थर हाउलंडच्याच गावी, अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटी आहे, १८१२ पासूनची. घरबसल्या अभ्यास होतो. फक्त एक तक्रार. बऱ्याच ठिकाणी कार्डाच्या दर्शनी बाजूचंच चित्र असतं. पाठ दाखवत नाहीत. अशा वेळी मी त्यांना नम्रपणे पत्र लिहून पाठीचा फोटो मागतो. बहुतेक जण पाठवतात, आणि पुष्कळदा खरी गोष्ट तिथेच असते.

आता आपल्याकडे वळतो, कारण संबंध खरा आहे. जी रंगीत शिळाछपाई जर्मनीतून व्हॅलेंटाइनांवर फुलं पाठवत होती, तेच तंत्र १८९४ मध्ये राजा रविवर्मांच्या मुंबईतल्या छापखान्यात आलं. तो छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर भिंतींवर लागल्या. विलायतेहून येणाऱ्या कापडाच्या ताग्यांवर आपल्या देवादिकांची रंगीत लेबलं चिकटवलेली असत. कापड झिजून गेलं, काही लेबलं उरली. तंजावरच्या सरस्वती महालात मोडीतले दफ्तराचे कागद आहेत, ज्यांत स्वयंपाकघरापासून सैन्यापर्यंत सगळं आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसांच्या घरांत तर असे कागद दुप्पट मोलाचे. ग्वाल्हेरच्या किराणा दुकानाची मराठी पावती, बेंगळुरूच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवाचं पत्रक, जबलपूरच्या नाटकाचं तिकीट. आपण तिथे कसे राहिलो, काय खाल्लं, वर्गणी किती दिली, हे कुठल्या ग्रंथात येणार नाही. ते या कागदांतच आहे, आणि पुढची पिढी घर रिकामं करेल तेव्हा रद्दीवाला ते किलोवर घेऊन जाईल.

म्हणून शेवटी काही सूचना, आदेशाच्या सुरात म्हटलं तरी चालेल.

एक. रद्दी देण्याआधी एक संध्याकाळ काढा. सगळं ठेवायला सांगत नाही. दर वर्षाचे दहा कागद ठेवा, पण त्यांत एक तरी असा ठेवा ज्याचा तुम्हाला अभिमान नाही. वीज तोडल्याची नोटीस ठेवा. नापास झालेला निकाल ठेवा. नाहीतर तुमचे पणतू समजतील की आमच्या घराण्यात सगळे पहिलेच यायचे.

दोन. लॅमिनेशन करू नका. सेलोटेप लावू नका. दोन्ही कागद मारतात, एक लवकर, एक सावकाश. पिना आणि स्टेपल काढून टाका, त्या गंजतात. ऊन आणि ओल दोन्हीपासून दूर, सपाट ठेवा.

तीन. तिकिटासाठी पाकीट कापू नका. पत्रापासून पाकीट वेगळं करू नका. ती जोडी फोडली की साक्षीदार मुका झाला.

चार. फोटो दोन्ही बाजूंचे काढा. पाठ कोरी असली तरी. कोरी आहे, ही सुद्धा माहिती आहे.

पाच. प्रत्येक कागदासोबत वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहा: कुणाकडून मिळाला, कुठे सापडला, कशासोबत होता. आठवण नसेल तर अंदाज लिहू नका, 'आठवत नाही' असं लिहा. पुढच्या माणसाला तुमच्या अंदाजापेक्षा तुमचा प्रामाणिकपणा जास्त उपयोगी पडेल.

सहा. घरातली म्हातारी माणसं आहेत तोवर कागद त्यांच्यासमोर ठेवा आणि विचारा. कागदाला तारीख असते, पण ती चिठ्ठी वाचून आजी का हसली होती, हे आजीच सांगू शकते. हा स्रोत कुठल्याही संग्रहालयात नाही, आणि तो रोज कमी होतोय.

एवढंच सांगायचं होतं. प्रश्न असतील तर जरूर कळवा. आणि तुमच्या घरी असा एखादा कागद सापडला, तर मला फोटो पाठवाल तेव्हा मागची बाजू विसरू नका.

जय हिंद.